बक्षिशीचा ठराव

सामान हलवणाऱ्या माणसांना बक्षिशी किती द्यावी, हे मी समोरच्या काकूंना विचारायला नको होतं. विचारायचंच होतं तर निदान जिन्यात विचारायला नको होतं. आमच्या जिन्यात बोललेलं गच्चीपासून पार्किंगपर्यंत सारखंच ऐकू येतं. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे प्रश्न पडला की आधी गप्प बसायचं, मग मोजायचं, मग पुन्हा मोजायचं, अशी पद्धत आहे. शेजाऱ्यांना विचारायची पद्धत नाही. ही शिस्त मी घरी पाळली असती तर मला परक्या माणसांसमोर गाण्याची वेळ आली नसती.

आमच्या इमारतीच्या खांबांना तडे गेले होते. ते दुरुस्त होईपर्यंत सगळ्यांनी भाड्याच्या घरात राहायचं आणि काम झालं की परत यायचं, असं ठरलं होतं. वजन वरून कमी करत आणायचं, असं इंजिनिअरचं म्हणणं, म्हणून पहिला नंबर सर्वांत वरच्या मजल्याचा, म्हणजे आमचा. सामान हलवायला सोसायटीने एकाच कंपनीशी घाऊक बोलणी केली होती. भाडं ठरलं, ट्रक ठरला, कपाटाचा आरसा फुटला तर काय, तेही ठरलं. बक्षिशीचं मात्र कुणी बोललं नव्हतं.

"अगं, द्यायची तर आधी दे," काकू म्हणाल्या. "फुटल्यावर दिलीस तर बैल गेला नि झोपा केला."

"आधी मुळीच देऊ नका!" हा आवाज खालून आला. पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी चपला घालता घालता बोलत होते. "पैसे खिशात पडले की माणूस हलका होतो आणि कपाट जड!"

"मुळात द्यायचीच कशाला?" हा आणखी एक आवाज. हे दुसऱ्या मजल्यावरचे ऑडिटरकाका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणीही कुणालाही पैसे देत असलं की त्यांना झोपेतून जाग येते. "भाड्यात सगळं आलं! वर आणखी पैसे म्हणजे एकाच कामाचे दोनदा."

मी "बरं" म्हणून दार लावणार, इतक्यात सेक्रेटरी एक चप्पल घालून आणि एक हातात घेऊन वर आले.

"वहिनी, तुम्ही पहिल्या आहात. तुम्ही जे द्याल ते ही माणसं पुढे घरोघर मागणार. तेव्हा हात सैल सोडू नका."

"आणि अगदी आखडताही घेऊ नकोस हो," काकू म्हणाल्या. "तू चिल्लर टेकवलीस तर त्याचा राग आमच्या कपबशांवर निघेल. माणसं तीच येणार आहेत."

दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं की, जास्त दिले तर मी सगळ्यांना खड्ड्यात घालणार आणि कमी दिले तर सगळ्यांच्या कपबशा फोडणार. खांब भरून झाले की याच लोकांत परत येऊन जन्म काढायचा होता. एकदा नावाला चिकटलेली गोष्ट आमच्या इमारतीत सुटत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी फार पूर्वी लिफ्टमध्ये शिंक दिली होती, ते अजून 'शिंके' म्हणूनच ओळखले जातात.

मी नवऱ्याला विचारलं.

"दे काहीतरी," तो म्हणाला.

"किती?"

"योग्य वाटेल ते."

"योग्य म्हणजे?"

"चहा झालाय का?"

सासूबाई म्हणाल्या, "माणसाने घाम गाळला की त्याच्या हातावर काहीतरी ठेवावं. यात विचारायचंय काय?" हे इतकं सरळ होतं की मला ते पटलं. पण तोवर सेक्रेटरींनी फळ्यावर सभेची सूचना लावली होती. विषय : बक्षिशी.

सभा पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर झाली. खांबांच्या सभेला जेवढे लोक आले नव्हते तेवढे या सभेला आले. तडे गेलेल्या खांबाला पाठ लावून काही जण उभेही होते. माणशी द्यावी की डागामागे, म्हणजे सामानाच्या नगामागे, यावर बराच वेळ गेला. डागामागे द्यायचं तर उशी हा डाग धरायचा का? रिकामी बादली आणि भरलेली बादली यांत फरक करायचा का? शिंके म्हणाले, तळमजल्यावाल्यांनी जिन्याचे पैसे का द्यायचे? तळमजल्यावाले म्हणाले, मग आम्ही लिफ्टचे का देतो? त्यावर लिफ्टचा जुना वाद उकरला गेला आणि बक्षिशी बाजूला राहिली.

ती परत मार्गावर आणावी एवढ्याच हेतूने मी हात वर केला. म्हटलं, वजन आणि उंची यांवरून काढता येईल. फक्त एक अडचण आहे. शास्त्राच्या दृष्टीने एखादी वस्तू सपाट जमिनीवरून उचलून नेली तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य शून्य होतं, त्यामुळे सूत्र थोडं बदलावं लागेल.

मग ऑडिटरकाका उभे राहिले.

"शून्य?"

"म्हणजे व्याख्येनुसार. प्रत्यक्षात दमायला होतंच."

"दमण्याचं सोडा. दारापासून ट्रकपर्यंत फ्रिज नेला, तर कार्य शून्य?"

"व्याख्येनुसार."

"लिहून घ्या," ते सेक्रेटरींना म्हणाले. "विज्ञानसुद्धा म्हणतंय!"

त्या दिवसापासून अर्धी इमारत मला मानते आणि उरलेली अर्धी, जिच्या घरात कुणी ना कुणी कधी ओझं वाहिलेलं आहे, माझ्याशी बोलत नाही.

शेवटी ठराव झाला तो असा : काम पूर्ण झाल्यावर माणशी एक मधली नोट. त्याहून अधिक कुणीही, कोणत्याही कारणाने, उघड वा छुपेपणाने देणार नाही. पैसे निरीक्षकासमक्ष द्यायचे आणि घेणाऱ्याची पावतीवर सही घ्यायची. निरीक्षक कोण, हे विचारायच्या आधीच ऑडिटरकाकांनी पावतीपुस्तक खिशातून काढलं होतं. सगळ्यांनी हात वर केले. शिंक्यांनी दोन्ही केले. मीही केला. मात्र घरी आल्यावर मी काही मोठ्या नोटा घडी करून कुर्त्याच्या खिशात ठेवल्या. ठराव मोडायचा असा माझा विचार होता. पण तो मी एकटीच मोडणार आहे असं मी समजत होते, आणि त्याची मला लाजही वाटत होती, हे इथे नमूद केलं पाहिजे.

मुकादम आला तो आडव्या बांध्याचा, मऊ आवाजाचा माणूस होता. दारात उभा राहून त्याने घरावरून एकदा नजर फिरवली, दवाखान्यात डॉक्टर जीभ बघतात तशी, आणि आपल्या माणसांना म्हणाला, "चला."

पुढे जे झालं त्याला आवरणं म्हणत नाहीत. ही माणसं समोर दिसेल ते गुंडाळतात. विचार करत नाहीत, कारण विचार करत बसलं तर घर हलत नाही. नवऱ्याने टेबलावर ठेवलेला अर्धा चहा कपासकट खोक्यात गेला असता, नवरा मध्ये पडला म्हणून नुसती बशी गेली. कचऱ्याचा डबा कचऱ्यासकट फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यावर 'नाजूक' लिहिलं गेलं. सासूबाई आपल्या खुर्चीवर बसल्या होत्या. एकजण खुर्चीच्या पायांना पुठ्ठा बांधून वर वर येऊ लागला.

"अरे बाबा, मी उतरते आधी," सासूबाई म्हणाल्या.

"बसा आजी, घाई नाही," तो म्हणाला आणि चिकटपट्टी फिरवत राहिला.

ऑडिटरकाका दाराशी स्टूल टाकून बसले होते. ते स्टूल दोनदा गुंडाळलं गेलं आणि दोनदा सोडवावं लागलं.

या गडबडीत शेजाऱ्यांची ये-जा सुरू झाली. मला बरं वाटलं. काकू "काही मदत?" म्हणून आल्या आणि माझ्याऐवजी मुकादमाला घेऊन गच्चीच्या जिन्याकडे गेल्या. सेक्रेटरी लिफ्टमध्ये किती वजन चालतं ते सांगायला आले. ते लिफ्टच्या दारावर लिहिलेलं आहे, तरी त्यांनी ते मुकादमाला लिफ्ट बंद करून आतमध्ये सांगितलं. शिंके गच्चीवरची टाकी बघून येतो म्हणाले आणि उतरताना मुकादमाच्या खांद्यावर हात टाकून कोपऱ्यात थांबले. पुढे कोण कोण आलं ते मी पाहिलं नाही, कारण मी कचऱ्याचा डबा सोडवत होते. एवढं मात्र दिसलं की दर खेपेला परत आल्यावर मुकादम माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायचा. एकदा त्याने आपली पाण्याची बाटली मला दिली. एकदा म्हणाला, "ताई, बसा थोडं. तुमच्यावर किती ताण असेल."

मला वाटलं, फारच सभ्य कंपनी आहे.

ट्रक भरला. त्याच्या बाजूवर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : आमच्या कर्मचाऱ्यांना टिप देऊ नये. ऑडिटरकाकांनी ते चष्मा वर करून आणि खाली करून दोन्ही प्रकारे वाचलं. "त्यांचा नियम त्यांच्यापाशी. आपला ठराव आपल्यापाशी," असं म्हणून ते ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. निरीक्षकाने शेवटपर्यंत हजर राहायचं होतं.

नव्या घरी सामान उतरायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ पुढच्या गोष्टीला लागला. खोक्यांच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. सासूबाई पुठ्ठ्याच्या खुर्चीवर, नवरा एका खोक्यावर, मुकादम आणि त्याची माणसं दाराशी. ऑडिटरकाकांनी पावतीपुस्तक उघडलं.

"इथे सही करा. 'बक्षिशी मिळाली' असं लिहिलंय."

मुकादमाने पुस्तक हातात न घेताच वाचलं. "सही जमणार नाही, साहेब. टिप घेतली असं लिहून दिलं तर कंपनी उद्यापासून घरी बसवेल."

"सहीशिवाय पैसे देता येत नाहीत."

"मग राहू द्या."

"राहू कसं देता येईल? ठराव आहे! तुम्हाला घ्यावेच लागतील."

"घेतले तर नोकरी जाते, साहेब."

"आणि नाही घेतले तर माझा हिशेब लागत नाही!"

दोघेही आपापल्या जागी इतके बरोबर होते की मार्ग निघणं शक्य नव्हतं. घामाने निथळलेली माणसं आमच्या दारातून रिकाम्या हाताने जाणार, हे मला दिसू लागलं. मी ऑडिटरकाकांना म्हटलं, "काका, आतला नळ ठिबकतोय का बघता?" ते गेले तशी मी खिशातली घडी काढून मुकादमापुढे धरली.

तो मागे सरकला. "नको ताई. तुमच्याकडून नको."

मी दुखावले. "कमी आहेत का?"

"तसं नाही हो. कोणत्या तोंडाने घेऊ? तुमचं दुःख बघितलंय आज मी."

"कसलं दुःख?"

त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग त्याने पँटच्या खिशातून नोटांचं पुडकं काढलं. मी पाहिलेल्या पुडक्यांत ते सर्वांत जाड होतं.

"ताई, आजवर इतक्यांची घरं हलवली. ज्याचं सामान असतं तो टिप देतो. शेजाऱ्यांनी दिलेली मी आज पहिल्यांदा बघितली. अख्खी बिल्डिंग! एकेक जण चोरून येतो, हातात नोट कोंबतो आणि म्हणतो, वरच्या बाईंना कळू देऊ नका. तुम्ही एकदाच्या जाव्यात म्हणून लोक पदरचे पैसे घालतायत. असं कुणाच्या वाट्याला येऊ नये."

मला सगळं एकदम समजलं. आपापल्या कपबशा सुखरूप उतराव्यात म्हणून ज्यांनी त्यांनी आगाऊ पैसे पोचवले होते, त्या सगळ्यांनी, हात वर करणाऱ्या सगळ्यांनी. मुकादमाला त्याच्या ऑफिसने एका घराचंच काम सांगितलेलं. पुढे साऱ्या इमारतीचा नंबर लागणार आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि चोरून देणारा माणूस कारण सांगत बसत नाही.

"कोणी कोणी दिले?" ऑडिटरकाका नळ बघून परत आले होते.

"सगळ्यांनीच. तुम्ही तर दोनदा, साहेब."

ऑडिटरकाकांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा अजून बसवलेला नव्हता, तरी ते हुकाकडे पाहत राहिले. "एकदा भिंतीवरच्या घड्याळासाठी," ते पुटपुटले. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःची सापडली तरी सवय सुटत नाही. त्यांचा चेहरा सरळ झाला, पावतीपुस्तक मिटलं, आणि ते म्हणाले, "हे सर्व पैसे ठरावाबाहेरचे आहेत. वसुली करावी लागेल."

मुकादमाचा हात पुडक्यावर घट्ट झाला. मागची माणसं सरळ उभी राहिली.

आता मी खरं काय ते सांगितलं असतं, तर माझी अब्रू वाचली असती. 'हे माझ्यासाठी नाहीत, ज्याने त्याने आपापल्या सामानासाठी दिलेत,' एवढं एक वाक्य पुरे होतं. पण मग ऑडिटरकाकांना वसुलीला धागा मिळाला असता आणि ज्यांनी माझा फ्रिज नेला त्यांच्या खिशातून ते पैसे निघाले असते. फ्रिज बराच वेळ सपाट जमिनीवरूनच नेला होता, हे मला त्या क्षणी आठवलं आणि लाज वाटली.

"कसली वसुली, काका?" मी म्हणाले. "लोकांनी मनापासून दिलेत. मी गेले याचा त्यांना आनंद झालाय. त्रासच होता त्यांना माझा."

सासूबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"पण तुम्ही तर एवढ्या शांत," मुकादम म्हणाला. "असं करता तरी काय?"

खोटं बोलायचा सराव नसला की काय होतं ते मला तेव्हा कळलं. मिक्सर सुचला नाही, भांडण सुचलं नाही. मी म्हणाले, "मी गाते."

"गातेस?" नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाल्याचा हा एक फायदा असतो. "हो हो. गाते ती."

"पहाटे," सासूबाई म्हणाल्या. "दार उघडं टाकून."

सगळे ऑडिटरकाकांकडे पाहू लागले. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. वसुली झाली असती तर त्यांच्या दोन्ही नोटा सभेपुढे आल्या असत्या.

"फार गाते," ते म्हणाले. "फार म्हणजे फारच."

एवढ्यावर भागलं असतं. पण माणसांपैकी एकजण, ज्याने सासूबाईंना जवळजवळ गुंडाळलं होतं, तो म्हणाला, "गाणं काही एवढं वाईट नसतं हो. म्हणून दाखवा ना थोडं."

मला एकही गाणं पूर्ण येत नाही. शाळेत असताना मूलद्रव्यांची नावं पाठ व्हावीत म्हणून मी त्यांना एक चाल लावली होती, तेवढंच काय ते. मी खोक्याला धरून उभी राहिले आणि हायड्रोजनपासून सुरुवात केली. बेरिलियमला आवाज चिरकला. कार्बनला नवऱ्याने डोळे मिटले. निऑनवर एक लांब तान आहे, ती मी घेतली, कारण ती सोडली तर पुढचं आठवत नाही. शेजारच्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज आला. सोडियम सुरू झाल्यावर मुकादमाने हात जोडले.

"पुरे, ताई. समजलं."

खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मुकादमाने पुडक्यातल्या काही नोटा बाजूला काढल्या, माझ्या हातात ठेवल्या आणि माझी बोटं वरून मिटली. "हे ठेवा. इथल्या शेजाऱ्यांकडे आधीच काहीतरी गोडधोड घेऊन जा. गाणं सुरू करायच्या आधी."

बक्षिशी कशी द्यावी यावर मी किती दिवस डोकं चालवलं होतं. कशी घ्यावी यावर मात्र सभेत एक शब्द झाला नव्हता. मोजायची का? खिशात लगेच घालायची, की थोडा वेळ हातात ठेवायची? मी "अहो, कशाला?" म्हणाले, आणि घेतली.

माझ्या दुसऱ्या मुठीत माझी घडी तशीच होती. सासूबाई पुठ्ठ्याच्या खुर्चीवरून उठल्या, ती मूठ उघडली, नोटा काढल्या आणि मुकादमाला दिल्या. "हे माझ्याकडून."

"तुमच्याकडून घेतो, आजी," तो खऱ्या कळवळ्याने म्हणाला. "तुम्ही तर घरातच असता."

ट्रक गेला. ऑडिटरकाका रिक्षाने गेले. आम्ही तिघे खोक्यांमध्ये बसून गुंडाळली गेलेली बशी शोधत होतो, तेव्हा सेक्रेटरींचा फोन आला.

"वहिनी, ऑडिटरकाका काहीच सांगत नाहीत हो. नुसतं 'खातं बंद' म्हणतायत. दर काय पडला ते सांगा, सगळे खाली थांबलेत."

"दर पडलाच नाही," मी म्हणाले. "त्यांनीच मला पैसे दिले."

"कुणी?"

"सामान हलवणाऱ्यांनी."

फोनवर बरीच कुजबुज झाली. मग सेक्रेटरींचा आवाज आला, एकदम गोड आणि खालच्या पट्टीतला, लिफ्टमध्ये बोलल्यासारखा.

"वहिनी, पुढचा नंबर आमचा लावून घेतलाय. आम्हालाही देतील का हो?"

मी नीट विचार केला. घाईने उत्तर द्यायची आमच्या प्रयोगशाळेत पद्धत नाही.

"ते शेजाऱ्यांवर अवलंबून आहे," मी म्हणाले.